दोन लहान, एक लांब: तरुण वयात गेलेल्या वडिलांची आठवण मुलांसाठी कशी जपली

हे प्रकरण कुठल्या एकाच घराचं नाही. मुलं लहान असताना वडील गेलेल्या घरांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात, त्या इथे एका घरात बसवून मांडल्या आहेत. आकडे त्या घराचे म्हणून वाचावेत, सरासरी म्हणून नव्हे.

वडील 36 वर्षांचे होते. हृदयविकाराचा झटका आला आणि सगळं एका रात्रीत संपलं. आजारपण नव्हतं, त्यामुळे मागे पत्र नाही, सूचना नाहीत, मोबाइलचा पासकोडही कुणाला सांगून ठेवलेला नाही. मागे राहिली पत्नी, साडेसहा वर्षांची मुलगी, वीस महिन्यांचा मुलगा, वडिलांची आई आणि धाकटा भाऊ. दीड महिन्यानंतर पत्नीने मागणी केली ती एवढीच: ‘मुलांना त्यांचा बाबा कळला पाहिजे.’

तोपर्यंत घरच्यांनी एक गोष्ट केली होती. फोटोखाली दोन परिच्छेदांचा श्रद्धांजलीचा मजकूर छापून घेतला होता. प्रेमळ पिता, कुटुंबवत्सल, कष्टाळू, मनमिळाऊ, सदैव हसतमुख. शब्द खोटे नव्हते, पण वरचं नाव बदललं तर तोच मजकूर कुणालाही चालला असता. वीस महिन्यांच्या मुलाला मोठेपणी त्यातून काय मिळणार? ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाला ना आवाज असतो, ना वास, ना उंची. पुढच्या कामाचं सूत्र इथेच ठरलं: विशेषणं बाजूला ठेवायची आणि क्रियापदं गोळा करायची. तो काय करायचा, कसं करायचा, कधी चुकायचा.

भावाचा विरोध होता. ‘सारखी आठवण काढून पोरीला त्रास होईल, विसरू द्या तिला,’ असं त्याचं म्हणणं. हे मत पुष्कळ घरांत ऐकू येतं, आणि एकेकाळी तज्ज्ञांचंही तसंच होतं. गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे शोक पार पडणं, ही मांडणी मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडच्या 1917 च्या निबंधापासून चालत आली. पुढे बोस्टन परिसरात फिलिस सिल्वरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या 70 कुटुंबांतल्या 125 मुलांचा अभ्यास केला. मुलं नातं तोडत नाहीत, त्याला नवं रूप देतात, असं त्यात दिसलं. ती गेलेल्या आईशी किंवा वडिलांशी मनात बोलतात, त्यांच्या वस्तू जवळ ठेवतात, त्यांची जागा मनात ठरवतात. भावाला हे सगळं ऐकवायची वेळ आलीच नाही. मुलगी वडिलांचं घड्याळ उशीखाली ठेवून झोपते, एवढं समजलं आणि तो गप्प झाला.

आधी मोबाइल, कारण तिथे मुदत असते

शोकात कुणालाही मोबाइलची घाई नसते. पण या कामात वेळेचं बंधन असलेली पहिली वस्तू तीच. व्हॉट्सॲपचं खातं साधारण 120 दिवस न वापरलं तर बंद केलं जातं. गूगलचं खातं दोन वर्षं वापरात नसेल तर त्यातला मजकूर आणि फोटो पुसले जाऊ शकतात. सिम बंद पडलं की पडताळणीचे ओटीपी यायचे थांबतात, आणि कालांतराने तो नंबर दुसऱ्याच माणसाला मिळतो. म्हणून पहिली तीन कामं: नंबर चालू ठेवायचा, हँडसेट चार्ज करून ठेवायचा आणि पासकोड अंदाजाने मारत बसायचं नाही. आयफोनवर सलग चुका झाल्या की थांबण्याचा काळ वाढत जातो, आणि तशी सेटिंग असेल तर दहाव्या चुकीनंतर फोनमधलं सगळं पुसलं जातं.

या घरात भावाने सात वेळा अंदाज लावला होता. सुदैवाने पत्नीला लॅपटॉपचा पासवर्ड माहीत होता आणि फोटो तिथे आपोआप उतरत होते. ॲपलने 2021 च्या अखेरीस आयओएस 15.2 पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय दिली आहे. आपल्यामागे खातं कुणी उघडायचं हे त्यात आधी नोंदवता येतं. वडिलांनी ते नोंदवलं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी कोण नोंदवतं!

लॅपटॉपवर 11,400 फोटो निघाले. त्यांतले 212 फोटो असे, की ज्यांत वडील दिसतात. या प्रमाणाचं आश्चर्य वाटू नये. घरात जो फोटो काढतो तो फोटोत नसतो. पत्नीला याचंच फार वाईट वाटलं. पण उरलेले अकरा हजारही त्याचेच आहेत, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तो कुठे बघायचा ते त्यांत आहे. मुलीच्या पाठमोऱ्या फोटोंचा एक मोठा ढीग होता: चालताना, पळताना, दप्तर घेऊन जाताना. तो तिच्या मागे चार पावलं चालायचा, हे कुणीही सांगितलं नसतं. फोटोंनी सांगितलं.

व्हिडिओ 640 होते. मुलांचे म्हणून ते कुणी उघडलेच नव्हते. पण कॅमेऱ्यामागचा आवाज वडिलांचा होता. ‘हं, आता सोड हात… सोड, सोड, मी आहे.’ मुलगी सायकलवर, फ्रेम हलते आहे, आणि हे वाक्य. पाच संध्याकाळी बसून सगळे व्हिडिओ ऐकले आणि एक तक्ता केला. फाइलचं नाव, तारीख, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, काय बोलले, कोणाशी बोलले. त्यातून 31 तुकडे वेगळे काढले, पण मूळ फाइलला हात लावला नाही. आवाज ‘स्वच्छ’ करायचा मोह टाळला. मागे पंखा फिरतोय, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू आहे, तो त्या घराचाच आवाज आहे. शिवाय गोंगाट कमी करणारी सॉफ्टवेअर बोलण्यातले श्वास आणि हलकं हसूही खातात.

इथे एक चूक झाली. नातेवाइकांनी आपल्याकडचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना आकार दाबतं आणि फोटोच्या आत लिहिलेली तारीख-वेळ काढून टाकतं. साठ-सत्तर फोटो असे आले, की ते कधीचे हे कळायला मार्गच नव्हता. मग सगळ्यांना कळवलं, की तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. एका चुलतभावाने जुन्या फोटोवरून वडील हसून मुलीचं नाव घेतात असा बनवलेला व्हिडिओ पाठवला. हेतू चांगला होता. मुलीने विचारलं, ‘बाबा हे कधी बोलले?’ उत्तर कुणाकडेच नव्हतं. तो व्हिडिओ संग्रहात घेतला नाही. ज्या मुलाला खरी आठवण उरणारच नाही, त्याच्या हाती बनावट आवाज देणं म्हणजे खऱ्या एकतीस तुकड्यांवरचाही विश्वास घालवणं. सुटातल्या धडावर चेहरा चिकटवलेला मोठा फ्रेमचा फोटोही याच कारणाने संग्रहाबाहेर राहिला. आजींना तो आवडायचा, म्हणून त्यांच्या खोलीत राहिला.

विचारायचं कसं

सहा जणांशी बोलायचं ठरलं: पत्नी, आई, भाऊ, कॉलेजातला मित्र, ऑफिसातली सहकारी आणि शेजारी. प्रत्येकाशी वेगवेगळं, चाळीस ते पन्नास मिनिटं. सगळ्यांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते, बाकीचे मान डोलावतात. मोबाइल टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, म्हणजे टेबलाचा ठोका रेकॉर्ड होत नाही. अंतर वीतभर, फोन एरोप्लेन मोडवर, पंखा बंद.

‘तो कसा होता?’ हा प्रश्न वापरायचाच नाही. त्याला पुन्हा विशेषणंच येतात, आणि बोलणाऱ्याचे डोळे भरतात. त्याऐवजी जागा, वेळ आणि हात यांबद्दल विचारायचं. घरातून बाहेर पडताना शेवटचं काय करायचा? राग आला की आवाज चढायचा की बंद व्हायचा? काय हरवायचा? कुठल्या कामाला टाळाटाळ करायचा? मुलगी रडायला लागली की पहिले दहा सेकंद काय करायचा? पत्नीला विचारलं, ‘तो घरी आला हे कसं कळायचं?’ तिने क्षणभरही विचार केला नाही. ‘बेलवरून. दोन लहान, एक लांब. चावी खिशात असायची तरी बेल वाजवायचा, पोरीने पळत यावं म्हणून.’ दोन परिच्छेदांच्या श्रद्धांजलीत हे नव्हतं. बेल वाजली की मुलगी का दचकते, याचंही उत्तर तिथेच मिळालं.

दोषांचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. वडिलांच्या आईंनी मुलाबद्दल एकही उणा शब्द काढला नाही, काढू नयेच. सहकारी मात्र म्हणाली, की तो वेळा पाळायचा नाही आणि चूक दाखवली की अर्धा तास फुगून बसायचा. हे ठेवलं. ज्याच्या वडिलांनी कधी चूकच केली नाही, तो मुलगा पंधराव्या वर्षी स्वतःच्या प्रत्येक चुकीला त्या फोटोशी ताडून बघतो. मात्र हयात माणसांशी संबंध असलेली गोष्ट वेगळी. भावाशी पैशांवरून वर्षभर अबोला होता. तो मजकूर संग्रहात न ठेवता बंद पाकिटात मुलांच्या आईकडे ठेवला, वर तारीख घातली. खोटं कुठेच लिहिलं नाही. सगळं एकाच वेळी सांगितलं नाही, एवढंच.

ज्या साक्षीदाराला कुणी विचारलं नव्हतं

सहा जणांच्या यादीत मुलगी नव्हती. ‘लहान आहे, तिला काय आठवणार’, आणि ‘तिला कशाला छेडा’. या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक हीच ठरली असती.

माणसाला मोठेपणी सांगता येणारी पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. म्हणजे वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांची सांगता येईल अशी आठवण राहणार नाही, हे धरून चालावं. मुलीचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण तिला आज आठवतं. पॅट्रिशिया बाउर आणि मरीना लार्किना यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांचं आईवडिलांशी झालेलं बोलणं नोंदवून ठेवलं होतं, आणि पुढे वेगवेगळ्या वयात तेच प्रसंग त्यांना विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे 35 टक्के. साडेसहाव्या वर्षी मुलगी बरोबर त्या उताराच्या तोंडाशी उभी होती. वडिलांच्या पत्नीला, भावाला, मित्राला वर्षभराने विचारलं असतं तरी चाललं असतं. मुलीला नाही.

पद्धत अशी ठेवली. आठवड्यातून एकदा, दहा ते पंधरा मिनिटं, हात गुंतलेले असताना. चित्र काढताना किंवा ठोकळे रचताना मूल बोलतं. समोर बसवून ‘आता सांग’ म्हटलं की गप्प होतं. प्रश्न मोकळा: ‘बाबा आणि तू, सांग ना काही.’ पुढचा प्रश्न तिच्याच शब्दावरून: ‘मग?’, ‘कुठे होता तुम्ही?’ आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘बाबा तुला पोहायला शिकवायचे ना?’ आणि मुलगी ‘हो’ म्हणाली होती. ते कधी घडलंच नव्हतं. या वयाची मुलं मोठ्यांच्या सुचवण्याला चटकन होकार देतात आणि पुढे तीच आठवण होऊन बसते. म्हणून ‘ना?’ने संपणारा प्रश्न पूर्ण बंद केला.

दुसरा नियम आईला जड गेला: दुरुस्त करायचं नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा मला खांद्यावर घेऊन दिवा बदलायला लावायचे.’ आईच्या मते हे एकदाच घडलं होतं. नोंदीत मुलीचं वाक्य जसंच्या तसं, ‘लावायचे’सकट. खाली तारीख, मुलीचं वय वर्षं-महिन्यांत, आणि कंसात आईची ओळ: बहुधा एकदाच. दोन्ही खरं आहे. बारा बैठकांत 43 नोंदी झाल्या. तिसऱ्या बैठकीत मुलगी म्हणाली, ‘आज नको.’ तिथेच थांबलं, पुढच्या आठवड्यालाही विचारलं नाही.

याच बैठकांतून आणखी एक गोष्ट वर आली. आजींनी तिला पहिल्या दिवशी ‘बाबा झोपलेत, खूप लांब गेलेत’ असं सांगितलं होतं. दीड महिना मुलगी रात्री आपल्या तान्ह्या भावाला हलवून उठवत होती. मरण म्हणजे परत न येणं, शरीराचं काम थांबणं आणि ते सगळ्यांना येणं, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमजू लागतात. मारिया नागी यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुडापेस्टमधल्या मुलांच्या अभ्यासातही लहान मुलं मरणाला झोप किंवा प्रवास समजतात असं आढळलं होतं. मोठ्यांनीच तो शब्द पुरवला तर मुलाचा काय दोष? आईने साध्या शब्दांत सांगितलं: ‘बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले. ते मेले, ते परत येणार नाहीत. झोपल्यावर असं होत नाही.’ हेच वाक्य लिहून घरातल्या सगळ्यांना दिलं, म्हणजे प्रत्येकाने वेगळं सांगू नये.

वस्तू आणि पेटी

पत्नीने चौथ्या दिवशी सगळे कपडे धुऊन घड्या घातल्या होत्या. हात रिकामे राहू नयेत म्हणून माणूस असं करतो. नंतर त्याचंच दुःख होतं. ऑफिसच्या बॅगेत एक न धुतलेला शर्ट सापडला. वास म्हणजे उडून जाणारे पदार्थ, त्यामुळे दर वेळी उघडलं की थोडा जातोच. शर्ट पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या आणि थंड कपाटात ठेवला. ओल राहिली तर आठवड्याभरात बुरशी येते. दुसरा, धुतलेला शर्ट मुलीच्या हाती दिला, कुरवाळायला आणि चुरगळायला. एकच वस्तू जपायची आणि वापरायची, असं दोन्ही होत नाही.

प्रत्येक मुलासाठी वेगळी पेटी, साधारण 40 × 30 × 15 सेंटिमीटर, आम्लमुक्त पुठ्ठ्याची. वस्तू बारा ते पंधरा. पोतंभर सामान वारसा होत नाही, अडगळ होते. हस्ताक्षराचे कागद 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन केले, छापील फोटो 600 ला. बिलांसारखे थर्मल कागद आपोआप पुसट होतात, म्हणून त्यांचा फोटो आधी घेतला. चिकट पानांचे अल्बम, पीव्हीसीची पाकिटं, सेलोटेप आणि डांबरगोळ्या टाळल्या. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहायचं नाही. मऊ पेन्सिलीने, फोटो कडक सपाट जागी ठेवून, कडेला. डिजिटल फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा उघडून बघायच्या.

मापं घेतली, आणि हे काम अपेक्षेपेक्षा उपयोगी ठरलं. उंची 174 सेंटिमीटर, म्हणून दाराच्या चौकटीवर मुलांच्या खुणांच्या वर एक बारीक रेघ. बुटाचा नंबर 9. घड्याळाच्या पट्ट्यावर तिसरं भोक ओढून लांबट झालेलं. घड्याळ एकच असल्याने ते कुणाला, कधी, हे आईने आत्ताच लिहून ठेवलं. पंधरा वर्षांनी त्यावर भांडण होऊ नये.

एक साधा मंगळवार

जीवनवृत्तान्त जन्म, शाळा, नोकरी, लग्न या क्रमाने लिहिला नाही. ती पानभर यादी शेवटी जोडली. मुख्य मजकूर एका मंगळवारचा: पहाटेपासून रात्री दिवा बंद होईपर्यंत, सहा सांगणारे आणि मुलीच्या नोंदी मिळून, साधारण 1,200 शब्द. मंगळवार निवडला, कारण त्या दिवशी काहीच खास नसायचं. वाढदिवस आणि सहली सगळ्यांना आठवतात. 6.10 चा अलार्म दोनदा बंद करणं, मोजे शोधत फिरणं, मुलीच्या वेणीचा रबर मनगटात अडकवून तसंच ऑफिसला जाणं, हे आधी विसरलं जातं. जिथे कुणालाच माहीत नव्हतं तिथे ‘10.30 ते 12 माहीत नाही’ असं लिहून जागा मोकळी सोडली. सहकारीने नंतर ती भरली.

लहानासाठी यातून आठ ओळी आणि पाच फोटो, जाड पानांवर. बारा वर्षांच्या वयासाठी पूर्ण मजकूर. अठरानंतर मुलाखतींच्या मूळ फाइली. वयाच्या प्रत्येक टप्प्यावर मूल तेच मरण नव्याने समजून घेतं आणि नवे प्रश्न आणतं, त्यामुळे एकच पुस्तक पुरत नाही. एक पाकीट छत्तिसाव्या वाढदिवसासाठी ठेवलं आहे. त्यात काय आहे ते फक्त आईला ठाऊक.

वर्ष होत आलं तेव्हा मुलगी वाचायला शिकली होती. मंगळवारचा मजकूर तिने स्वतः वाचला आणि एका ओळीवर पेन्सिलीने फुली मारली. आई दुरुस्त करून नवं पान छापणार होती. तसं न करता फुली मारलेलं पान तसंच ठेवलं, मागे तारीख आणि वय: सात वर्षं, पाच महिने. फुलीशेजारी मुलीच्या अक्षरात: ‘दोन लहान एक लांब नाही. दोन लहान, मग थांबायचे, मग एक लांब.’